नशा नको, आराम हवा

शीरखुर्म्यात खसखस घालायची की नाही, यावर आमच्या घरात दर ईदेला वाद होतो. बडी अम्मी म्हणतात, खसखशीशिवाय दुधाला दाटपणा येत नाही. ही खसखस ज्या बोंडात पिकते ते बोंड हिरवे असताना त्याला चिरा पाडल्या की पांढरा चीक पाझरतो, आणि तो चीक वाळून तपकिरी झाला की त्याचीच अफू. बी आपल्या ईदेच्या पातेल्यात जाते, आणि चिकाचे नाव काढले तरी घरातली मोठी माणसे कानाला हात लावतात.

तसे पाहिले तर या चिकाशी आपला संबंध जुना आहे. ग्रीकांच्या 'ओपिऑन'चे अरबीत 'अफ्यून' झाले, आणि त्याच कुळातली आपली अफीम आणि मराठीतली अफू. इब्न सीना यांच्या 'अल-कानून'मध्ये दुखण्यावरचा इलाज म्हणून अफू आहे, आणि ती बधिर करणारी चीज आहे, जपून द्यावी, असा इशाराही आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईची जी भरभराट झाली त्यात माळव्याच्या अफूचा वाटा मोठा होता. सर जमशेदजी जीजीभॉय यांचे भागीदार मोहम्मद अली रोगे हे कोकणी मुसलमान होते, आणि त्यांच्या चीनच्या व्यापारात ही अफू होती. पुढे गिरण्यांच्या काळात कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलाला अफूची बाळागोळी चाटवून निजवत असत. म्हणजे अफू आपल्याकडे कधी परकी नव्हती. परके राहिले ते तिचे औषधपण.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. पुस्तकात अफूचा उल्लेख येतो तो व्यसनाच्या धड्यात. तंबाखू, दारू, अफू, गांजा अशी रांग लावायची आणि पुढे जायचे. आम्हीही अनेक वर्षे असेच पुढे गेलो. थांबायची वेळ आली ती २०२२ साली, बडे अब्बांच्या आजारपणात.

बडे अब्बा म्हणजे आमच्या वालिदांचे मोठे भाऊ. पेशाने दर्जी. पन्नास वर्षे मशीनवर वाकून त्यांनी आमच्या मोहल्ल्याच्या शेरवान्या शिवल्या. प्रोस्टेटचा कॅन्सर निदान होईपर्यंत हाडांत उतरला होता. कमरेत आणि मांडीत असा ठणका उठे की नमाजला बसलेला माणूस सज्द्यातून उठू शकत नसे. शहराच्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी मॉर्फिनची गोळी लिहून दिली. दहा मिलिग्रॅम, दर चार तासांनी. चिठ्ठी पाहून आमच्या चुलत भावाने विचारले, "ये अफीम की गोली है ना?" बाई खोटे बोलल्या नाहीत. बडे अब्बांनी चिठ्ठी दुमडून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "मेरेकू नशा नक्को. दर्द है तो है."

मोहल्ल्यातल्या मशिदीचे इमामसाहेब घरी आले. जीव वाचवण्यासाठी किंवा असह्य तकलीफ दूर करण्यासाठी, दुसरा इलाज नसेल आणि जाणता डॉक्टर देत असेल, तर अशा औषधाची इजाजत आहे, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगून टाकले. त्यात नवीन काही नव्हते. हा मसला जुनाच आहे. पण जाताना त्यांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "मास्टरसाहब, होश बाकी रहेगा ना?" बडे अब्बांची खरी धास्तीही तीच होती. हरामचा प्रश्न त्यांच्या मनात होताच, पण त्याहून मोठी भीती अशी, की आपण गुंगीत राहू, वक्त कळणार नाही, आणि शेवटची घडी येईल तेव्हा जिभेवर कलमा नसेल.

दुखणे थांबावे आणि होश राहावा, एवढेच त्यांचे मागणे होते. आम्हाला वाटले, एवढे काही अवघड नसावे. वाचायला लागलो तेव्हा कळले की दोनशे वर्षे जगातले रसायनशास्त्रज्ञ याच एका मागणीच्या मागे लागले आहेत.

जर्मनीत पाडरबोर्न गावच्या औषधाच्या दुकानात फ्रिड्रिख सर्ट्युर्नर नावाचा एक तरुण उमेदवार काम करत होता. १८०४-०५ च्या सुमारास त्याने अफूतले गुणकारी द्रव्य वेगळे काढले आणि पुढे त्याला ग्रीकांच्या स्वप्नदेवाचे, मॉर्फिअसचे, नाव दिले. तेच मॉर्फिन. त्याच चिकात कोडीन असते आणि थेबेन असते. अशा नैसर्गिक द्रव्याला प्रयोगशाळेत थोडे फिरवून जे नवे औषध तयार होते त्याला अर्धकृत्रिम म्हणतात. मुलांना आम्ही बडे अब्बांच्या धंद्यातले उदाहरण देतो. कापड जुन्याच शेरवानीचे, उसवून पुन्हा बेतलेले. कुठे बाही आखूड केली, कुठे गळा बदलला. अंगावर मात्र ती वेगळीच बसते.

पहिली मोठी बेतणी फसली, आणि ती कशी फसली हे प्रत्येक शिक्षकाला माहीत असायला हवे. १८७४ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात सी. आर. ऑल्डर राइट यांनी मॉर्फिनला दोन अॅसिटिल गट जोडले. १८९८ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने हेच द्रव्य खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले. मॉर्फिनसारखी सवय याने लागत नाही, असे तेव्हा सांगितले जात होते. औषधाचे नाव हेरॉइन. कंपनीने १९१३ मध्ये ते बनवणे बंद केले, पण तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते.

जवळजवळ शंभर वर्षांनी तोच खेळ पुन्हा झाला. थेबेनपासून बनणारे ऑक्सिकोडोन हे १९१६ चे जर्मन औषध. ते हळूहळू विरघळणाऱ्या गोळीत भरून अमेरिकेच्या पर्ड्यू कंपनीने १९९६ पासून 'ऑक्सिकॉन्टिन' या नावाने विकले. हळू विरघळते म्हणून गैरवापराचा धोका कमी, असा विश्वास माहितीपत्रकातच छापलेला होता. लोकांनी गोळी चुरडली. २००७ मध्ये कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला, कोट्यवधी डॉलर दंड भरला. तिकडे गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली होती. तेव्हा 'दुष्परिणाम कमी' ही जोडी कुणी विकायला आला की आमचा हात आधी खिशावर जातो.

पण फसवणुकीची गोष्ट सांगून इथेच थांबले तर ते बडे अब्बांवर अन्याय होईल.

मॉर्फिन दुखणे थांबवते आणि त्याच वेळी गुंगी आणते, श्वास मंदावते, पोट बांधते, ते का? १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की मेंदूत या द्रव्यांना धरून ठेवणाऱ्या खास जागा असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. दोनच वर्षांनी स्कॉटलंडमध्ये अॅबर्डीनच्या ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी शरीर स्वतःच बनवते ती अफूसारखी द्रव्ये शोधली. म्हणजे कुलपे आपल्यासाठी, आपल्याच किल्लीने उघडायला बनलेली. खसखशीच्या झाडाची किल्ली त्यांना योगायोगाने लागते. या कुलपांतले मुख्य ते 'म्यू' नावाचे. अडचण अशी की तेच कुलूप अनेक दारांना आहे. मज्जारज्जूत ते उघडले की ठणका वर पोचत नाही. मेंदूच्या बुडाशी उघडले की श्वास संथ होतो. आतड्यात उघडले की आतड्याची चाल थांबते. किल्ली एकच, आणि ती दार विचारत नाही.

बडे अब्बांनी शेवटी गोळी घेतली. इमामसाहेबांपेक्षा बडी अम्मींचे रडणे कामी आले असावे. तिसऱ्या दिवशी ते चार महिन्यांत पहिल्यांदा सलग रात्र झोपले. पण पोट असे बांधले की दुखण्यापेक्षा तेच मोठे दुखणे झाले. आम्ही इसबगोल आणली. बाईंनी फोनवरच अडवले. आतडेच हलत नाही तिथे फुगणारी भुशी घालू नका, सोनामुखीची गोळी द्या, आणि मॉर्फिन चालू आहे तोवर रोज द्या. सोनामुखी म्हणजे आपली सना मक्की. बडी अम्मींनी हे ऐकले आणि त्या दिवसापासून डॉक्टरीणबाईंवर त्यांचा पूर्ण भरोसा बसला. गुंगी मात्र पुरती गेली नाही. बहुतेकांची ती आठवड्याभरात ओसरते. बडे अब्बांची ओसरली नाही. दुपारी दचकून उठत आणि विचारत, "जोहर हुई क्या?" तोवर असर होऊन गेलेली असे. मग त्यांचा चेहरा बघवत नसे.

तेव्हा बाईंनी पट्टी लिहून दिली. ब्युप्रेनॉर्फिनची.

हे औषध कुठून आले ते वाचताना आम्हाला मौज वाटली. थेबेन स्वतः दुखणे थांबवत नाही. जास्त झाले तर उलट झटके आणते. इंग्लंडचे केनेथ बेंटली यांनी १९६० च्या दशकात त्यावर हात चालवला आणि त्याच घराण्यातून एक असे द्रव्य निघाले की ते हत्ती-गेंड्यांना बेशुद्ध करण्यासाठी वापरतात. दुसरे निघाले ते ब्युप्रेनॉर्फिन. ते इंग्लंडमधल्या हल शहरात रेकिट अँड कोलमन कंपनीत तयार झाले. आपल्या घरी डेटॉल आणि कपड्यांची रॉबिन नीळ पोचवणारी तीच ही मंडळी.

त्याची खुबी अशी. म्यूच्या कुलपात ही किल्ली घट्ट बसते, पण अर्धीच फिरते. म्हणून मात्रा वाढवत नेली तरी श्वास मंदावण्याला एका ठिकाणी अडसर लागतो. मॉर्फिनला तसा अडसर नाही. पोट बांधण्याचा त्रासही बऱ्याच रुग्णांना कमी होतो. मूत्रपिंडे थकलेल्या म्हाताऱ्या माणसालाही ते त्यामानाने सोसते. पण झोपेच्या गोळ्या किंवा दारू सोबत असेल तर हा अडसर कामाचा राहत नाही, माणसे दगावतात. नशेपासूनही ते मुक्त नाही. याचेच इंजेक्शन शिरेत टोचून घेणारे व्यसनी आपल्या देशातल्या शहरांत मागच्या शतकाच्या अखेरीस तयार झालेच. आणि याचीच जिभेखालची गोळी आज सरकारी केंद्रांत हेरॉइन सोडवण्यासाठी देतात. एकाच औषधाची ही दोन्ही कामे आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

पट्टी सात दिवसांची. आमच्या घरात ती जुम्म्याला बदलायची असे आपोआप ठरले. सकाळी जुनी पट्टी काढायची, गुस्ल करायचे, पाठीच्या वरच्या भागाला कोरडे करून जुनी जागा सोडून नवी लावायची. पट्टीखालून पाणी जाते की नाही हा मसलाच उरला नाही. काढलेली पट्टी चिकट बाजू आत घेऊन दुमडायची, कारण तिच्यात औषध शिल्लक असते आणि घरात लहान मुले आहेत. एकदा थंडीत बडी अम्मींनी प्रेमाने गरम पाण्याची पिशवी पाठीला लावायला घेतली, तेव्हा चुलत भाऊ ओरडलाच. उष्णतेने पट्टीतले औषध अंगात भराभर शिरते. जागेला खाज सुटे, एखादी लाल खूण राही. पहिले दोन दिवस मळमळ झाली. पण दुसऱ्या जुम्म्यापासून बडे अब्बा खुर्चीवर बसून पाचही वक्तांची नमाज अदा करू लागले, आणि एका दुपारी त्यांनी आमच्या शर्टाचे काज उसवलेले पाहून सुईदोरा मागितला.

हे पाच महिने टिकले.

या काळात आम्ही पुढचेही वाचत गेलो. आमचा स्वार्थ होता. पट्टीची मात्रा वाढत होती आणि तिलाही शेवट आहे हे दिसत होते. १९९९ मध्ये अमेरिकेत लॉरा बोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उंदरांवर एक गंमत आढळली. म्यूचे कुलूप फिरले की पेशीच्या आत दोन घंटा वाजतात, असे समजा. एक जी-प्रोटीनची, दुसरी बीटा-अरेस्टिनची. ज्या उंदरांत दुसरी घंटाच नव्हती त्यांना मॉर्फिनने आराम अधिक मिळाला, आणि २००५ मधल्या प्रयोगात त्यांचा श्वासही कमी मंदावला, पोटही कमी बांधले. मग साऱ्यांनी एकच ध्यास घेतला, की पहिलीच घंटा वाजवणारी किल्ली घडवायची. थॉमस प्रिझिन्झानो यांच्या गटाने तर खसखस सोडून मेक्सिकोच्या साल्व्हिया या झाडाकडे धाव घेतली. तिथले माझातेक लोक या पानांचा वापर पिढ्यान्पिढ्या करत आले आहेत. त्यातल्या द्रव्याला बदलून त्यांनी २००५ मध्ये 'हर्किनोरिन' बनवले. मॉर्फिनच्या रेणूत नायट्रोजन असतो, याच्यात तो नाहीच, तरी म्यूच्या कुलपात ते बसते. प्रयोगशाळेतल्या पेशींवर त्याने दुसरी घंटा वाजवली नाही.

आम्ही हे वाचून बडे अब्बांना सांगितलेसुद्धा. ते म्हणाले, "तो फिर दुकान में कब आयेगी?"

आली नाही. हर्किनोरिन संशोधनाच्या कागदांतच राहिले. पुढे वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी दुसरी घंटा काढून टाकलेले उंदीर पुन्हा तपासले, तेव्हा श्वास पहिल्यासारखाच मंदावताना दिसला. २०२० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ऑलिसेरिडिन नावाचे औषध याच कल्पनेवर मान्य झाले, तेही केवळ रुग्णालयात शिरेतून द्यायचे. हे तर पूर्णपणे कृत्रिम आहे. त्याच्या माहितीपत्रकात व्यसनाचा आणि श्वास मंदावण्याचा तोच जुना इशारा चौकटीत छापलेला आहे. हा इशारा छापला ही गोष्ट आम्हाला चांगली वाटली. १८९८ पेक्षा माणूस एवढा तरी पुढे आला.

आता काहींनी कुलूपच सोडून दिले आहे. त्याची सुरुवात आपल्या उर्दूच्या मुलुखाजवळ झाली. २००६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी उत्तर पाकिस्तानातल्या तीन कुटुंबांतल्या सहा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. या मुलांना दुखणे म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. असाच एक मुलगा रस्त्यावर हातातून सुरी आरपार घालण्याचे आणि निखाऱ्यांवर चालण्याचे खेळ करून पैसे मिळवत असे. चौदा वर्षांचा होण्याच्या सुमारास तो घराच्या छपरावरून उडी मारून मेला. इतर मुलांच्या जिभा आणि ओठ त्यांनीच चावलेले होते. त्यांच्या मज्जातंतूंतली सोडियमची एक वाट जन्मतः बंद होती. तिच्याच बहिणीसारखी दुसरी वाट आहे, ती अडवणाऱ्या सुझेट्रिजिन या औषधाला २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत तात्पुरत्या तीव्र वेदनेसाठी मान्यता मिळाली. त्याचा अफूशी संबंध नाही. कॅन्सरच्या हाडांच्या ठणक्यावर त्याला मान्यता नाही.

इकडे आपल्या देशाचे पाहा. मंदसौर, नीमच, रतलाम भागातला शेतकरी सरकारी परवान्याने अफू पिकवतो, सरकार ती विकत घेते, नीमच आणि गाझीपूरच्या कारखान्यांत नेते. औषधासाठी चीक काढून कायदेशीर अफू पिकवण्यात आपण जगात अग्रेसर. आणि १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा झाल्यावर पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. एका गोळीसाठी इतके परवाने लागत, आणि कागदातल्या चुकीला इतकी कडक शिक्षा होती, की दुकानदारांनी आणि रुग्णालयांनी ती ठेवणेच सोडले. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या साथीदारांनी १९९३ मध्ये कालिकतला केंद्र सुरू केले. दोन वर्षांत १७२३ रुग्णांना मॉर्फिन घरी नेऊ दिले. एकही गोळी वाममार्गाला गेल्याचे आढळले नाही. हे २००१ मध्ये प्रसिद्धही झाले. मलप्पुरमसारख्या मुस्लिमबहुल जिल्ह्यात तर साधी माणसे, दुकानदार, कॉलेजची पोरे आठवड्याचे काही तास काढून अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात. आपल्याकडे जनाज्याला अख्खा मोहल्ला येतो, पण त्याआधीच्या सहा महिन्यांत त्या घरी किती जण जातात, हे ज्याचे त्याने आठवावे. २०१४ मध्ये कायदा बदलला, मॉर्फिनसाठी एकच परवाना पुरेसा झाला. तरी आमच्या तालुक्यात एकाही दुकानात ती गोळी नव्हती. ब्युप्रेनॉर्फिन कायद्याच्या दुसऱ्या यादीत आहे, म्हणून पट्टी तरी मागवता आली.

पाच महिन्यांनी पट्टी अपुरी पडली आणि बाईंनी पुन्हा मॉर्फिन सुरू केले, सोनामुखीसह. आता बडे अब्बा चिठ्ठी खिशात ठेवत नव्हते. मात्रा कमी-जास्त करत बाईंनी दिवसाची मोठी गोळी रात्रीकडे ढकलली, म्हणजे फजर ते जोहर ते जागे राहत. शेवटचे चार दिवस ते जवळजवळ झोपूनच होते. ती गुंगी औषधाची नव्हे, आजाराची, असे बाई म्हणाल्या. २०२३ च्या पावसाळ्यात एका पहाटे ते गेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी डोळे उघडून मगरीबची वेळ विचारली होती, आणि तेव्हा खरोखरच मगरीब होती.

घरी एकोणीस गोळ्या आणि एक न फोडलेली पट्टी उरली. त्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत म्हणून आम्ही शहरात परत द्यायला गेलो. खिडकीवरच्या माणसाला परत घेण्याचा रकाना वहीत सापडेना. शेवटी एक नर्सबाई आल्या, त्यांनी गोळ्या आमच्यासमोर मोजल्या आणि कोऱ्या कागदावर आमची सही घेतली. मागे एक जण वडिलांची चिठ्ठी घेऊन उभा होता. ही गोळी आमच्या तालुक्याला मिळेल का, असे तो विचारत होता. बाई म्हणाल्या, "नाही, दर पंधरा दिवसांनी इथेच यावे लागेल." त्याने एसटीच्या वेळा विचारल्या.